करण आणि कर्ता

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते त्या दिवशी, दिवे घाटाच्या वळणांवर जे हौशी छायाचित्रकार पहाटेपासून जागा धरून उभे असतात, त्यांच्यांत गेली वीस वर्षे मीही एक आहे. आणि एक कॅमेरा, तीन भिंगे व तिपाई असा चार किलोंचा सरंजाम खांद्यावर वागवण्यात जी एक प्रतिष्ठा असते, तीही मी मनोमन उपभोगलेली आहे. परवाच्या वारीत मात्र पावसाची सर अशी अकस्मात आली, की तो सारा सरंजाम पिशवीत कोंडून मला स्वस्थ उभे राहावे लागले. आणि नेमकी त्याच वेळी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक वृद्धा, भिजलेल्या पदराचे टोक दातांत धरून, त्या करड्या प्रकाशातून चढण चढत आली. मी खिशातला फोन काढला आणि एकच छायाचित्र घेतले. शेजारी माझे एक ज्येष्ठ स्नेही उभे होते. भिंगांची बाराखडी मी त्यांच्यापाशीच गिरवलेली. ते हसून म्हणाले, "काय हो, तुम्हीसुद्धा?"

मी ओशाळलो. चोरी करताना सापडल्यासारखे का वाटावे, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना.

या ओशाळण्याला इतिहास आहे. 1888 साली ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा शंभर छायाचित्रांची फिल्म पोटात घेऊनच बाजारात आला आणि ती संपली की अख्खी पेटी कारखान्याकडे धाडण्याची मुभा मिळाली, तेव्हा अंधाऱ्या खोलीत रसायनांनी बोटे काळी करून घेणाऱ्यांना ते कलेचे अवमूल्यनच वाटले. 1925 साली लायका हा चिमुकला कॅमेरा आला, तेव्हा काचेच्या मोठ्या पट्ट्या वापरणाऱ्यांच्या नजरेत तोही खेळणेच ठरला. आज त्याच लायकाला आम्ही नमस्कार करतो. प्रत्येक पिढीने आपल्या हातातल्या अवजाराला कला मानले आणि पुढच्या पिढीच्या अवजाराला पळवाट म्हटले.

पण माझ्या स्नेह्यांची फिर्याद इतकी सहज निकालात काढता येणार नाही. माझ्या कॅमेऱ्यातील संवेदक 36 मिलिमीटर लांब आणि 24 मिलिमीटर रुंद आहे. फोनच्या मुख्य संवेदकाचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे, पुष्कळदा त्याहूनही कमी. ही उणीव भरून काढण्यासाठी फोन, मी एकदाच बोट टेकवले तरी, अनेक प्रतिमा घेतो, त्या एकावर एक बसवतो, आकाश आवरतो, सावल्या उजळतो, आणि कोणती कडा चेहऱ्याची व कोणती डोंगराची हे अदमासाने ठरवून मागचा देखावा धूसरही करून देतो. मग ते छायाचित्र मी काढले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

या जागी मला गीतेच्या अठराव्या अध्यायाची आठवण झाली. कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे तेथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. कर्माचा सातबारा काढून पाहिला तर त्यावर अशी पाच खातेदारांची नावे निघतात; आपण मात्र जन्मभर एकट्याच्या नावाने कब्जा सांगत असतो. करणाला, म्हणजे साधनाला, त्यांत एक हिस्सा आहे, पण एकच. आणि केवळ साधनाने कार्य साधत नाही याचा दाखला महाभारतानेच मौसलपर्वात देऊन ठेवला आहे. द्वारकेहून स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर चालून आले, तेव्हा गांडीव तेच होते आणि हातही तेच. तरी ते धनुष्य त्याला मोठ्या कष्टाने चढवावे लागले आणि लूट थांबली नाही.

याहून मार्मिक गोष्ट अशी, की भाष्यकारांनी येथे 'करण' या शब्दाचा अर्थ इंद्रिये असा केला आहे. म्हणजे ज्या डोळ्याच्या भरवशावर मी 'ही माझी नजर' असे म्हणतो, तो डोळासुद्धा करणांतच जमा. आणि तो तरी फोनपेक्षा अधिक निर्व्याज आहे काय? प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर, जेथून दृष्टीचा मज्जातंतू बाहेर पडतो तेथे, एक आंधळा ठिपका असतो. तेथे काहीच उमटत नाही, तरी जगाला भोक पडलेले आपल्याला कधी दिसत नाही. ती जागा मेंदू परभारे बुजवून टाकतो आणि त्याची साधी वर्दीही आपल्याला देत नाही. उपकरणाने माझ्या वतीने पाहावे ही व्यवस्था माझ्या जन्माबरोबरच सुरू झाली होती. फोनमुळे ती माझ्या ध्यानात आली इतकेच. तेव्हा माझे ओशाळणे हा एका जुन्या अभिमानाचा ओरखडा होता. भारी भिंगाने काढलेली छायाचित्रे पूर्णतः माझी होती, अशी माझी समजूत होती. ती तेव्हाही एकपंचमांशच माझी होती.

परंतु यावरून 'यंत्र करते, आपण नामानिराळे' असा निष्कर्ष काढणे हा आळशाचा वेदान्त होय. ज्याला हा उपदेश केला, त्याला धनुष्य खाली ठेवण्याची परवानगी मिळालेली नव्हती. माझ्या वडिलांपाशी आगफा क्लिक-तीन होता. एका रोलमध्ये बारा छायाचित्रे. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी ते इतका वेळ उभे राहत, की समोरची मंडळी कंटाळून हसायला लागत. बारा छायाचित्रे फोन आज एका श्वासात घेतो, आणि म्हणून ते थांबणे आता कोणतेही यंत्र माझ्यावर लादत नाही. ते माझे मलाच पत्करावे लागते. फोन हाती घेणाऱ्या हौशी माणसाचा धर्म मला एवढाच दिसतो: श्रेयाचे चार हिस्से ज्याचे त्याला मोकळ्या मनाने देऊन टाकावेत, पण कोठे उभे राहावे, कोणापुढे बटण दाबू नये आणि केव्हा नुसतेच पाहावे, याची जबाबदारी अदमास बांधणाऱ्या यंत्राकडे वर्ग करू नये.

त्या दिवशी ती वृद्धा माझ्यापाशी येऊन थांबली आणि दातांतला पदर सोडून म्हणाली, "माउली, तुळस सरळ हाय का बघा त्यात." मी पडदा तिच्यापुढे धरला. वृंदावन डावीकडे किंचित कलले होते. तिने दोन्ही हातांनी ते नीट केले, माझ्याकडे न पाहताच पुढे चालू लागली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

छायाचित्रात ते अजून कललेलेच आहे.