चिकटतो तो स्नेह

तेल-तुपालाही स्नेह म्हणतात आणि मायेलाही. दोन्हींमुळे कुरकुर थांबते, म्हणून एकच शब्द दोघांना शोभतो, असं आपण सहज धरून चालतो. पण ज्या ‘स्निह्’ धातूपासून हा शब्द आला, त्याचा एक अर्थ चिकटणं असा आहे. तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत स्नेह हा पाण्याचा गुण सांगितला आहे. सुट्या पिठाचा गोळा होतो तो त्याच्यामुळे. मग घसरवणाऱ्या वस्तूला चिकटण्याचं नाव का मिळालं असावं?

मला याचं उत्तर कार्बनपाशी सापडलं.

शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच. बोटांना ते गुळगुळीत लागतं. विमानांच्या जनित्रांत याच कार्बनचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज वाहून नेणारे ठोकळे, असत. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंचावरून उडू लागली आणि जमिनीवर छान टिकणारे हे ब्रश तिथे भराभर झिजून त्यांचा भुगा होऊ लागला. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून उलगडा झाला : उंचावरच्या कोरड्या हवेत बाष्प पुरेसं नसतं. कार्बनच्या थरांच्या कडांशी अणूंचे काही हात रिकामे राहतात. समोर येईल त्याला ते पकडतात. ओढाताण होते, तुकडे निघतात. बाष्पाचे रेणू त्या रिकाम्या हातांना बिलगले, की पकड सैल पडते. ग्रॅफाइटच्या गुळगुळीतपणात हवेतल्या ओलाव्याचा एवढा मोठा वाटा होता.

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये माणसानं हेच जाणीवपूर्वक केलं. तबकडीवर हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा दोन-तीन नॅनोमीटरचा लेप असतो. त्यावर फ्लोरिनयुक्त तेलाचा जेमतेम एका रेणूच्या जाडीचा थर, साधारण एक नॅनोमीटरचा. आपला केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, म्हणजे बघा! मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून हे तेल उडून जायला हवं. ते टिकतं, कारण त्याच्या साखळीसारख्या लांब रेणूंची टोकं कार्बनला धरून राहतील अशी घडवलेली असतात. टोकं घट्ट, मधली साखळी लवचीक. शिवाय काही रेणू मुद्दाम मोकळे ठेवतात. एखाद्या जागचं तेल खरवडलं गेलं, तर हे मोकळे रेणू हळूहळू सरकत तिथे पोचतात आणि उघडी पडलेली जागा झाकतात.

मुळीच न चिकटणारं तेल टिकणार नाही. नुसतंच चिकटून बसलेलं तेल जखमेपर्यंत पोचणार नाही. वंगणाला दोन्ही यावं लागतं.

घरात, कचेरीत एखादं माणूस शब्दाशब्दाला अडतं, टोचतं. आपण चार गोड शब्द बोलून वेळ मारून नेतो. ते वरवरचं तेल पहिल्याच फेऱ्यात उडून जातं. त्या माणसाचा कोणता हात रिकामा राहिला आहे, हे ओळखून तो धरायला जवळ जावं लागतं, थांबावं लागतं. आज जिथे खरखर जाणवेल, तिथून बुळबुळीत होऊन निसटण्याआधी क्षणभर तो हात धरून पाहू या.