खोटे कोणाजवळ बोलले जाते?

कापूस वेचणीच्या दिवसांत शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या गावी सावकार वसुलीस येतो. घरधनी आतल्या खोलीत बसून राहतो आणि लेकरास दाराशी पाठवितो. लेकरू म्हणते, “बाप घरमा नही शे.” हे खोटे आहे हे सावकारास ठाऊक असते, लेकरासही ठाऊक असते, तथापि तेवढी वेळ निभून जाते.

त्या मनुष्यास लबाडीची आवड असते असे मला वाटत नाही. गेहजीप्रमाणे केवळ लोभाने खोटे बोलणारे थोडे. पुष्कळ लोक भयाने बोलतात, आणि त्याहूनही अधिक लाजेने. यजमानाच्या घरी पीठ नाही हे पाहून उपाशी पाहुणा “जेवून आलो” असे म्हणतो. (ह्या पाहुण्यास दोष देण्यास माझी जीभ वळत नाही.)

उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात अब्राहाम गरार येथे आपल्या पत्नीस बहीण म्हणतो. अबीमलेख राजाने जाब विचारल्यावर तो कारण सांगतो: ह्या ठिकाणी देवाचे भय नसेल, व पत्नीकरिता लोक आपणास मारतील, असे त्यास वाटले. ती सावत्र बहीण होती, हेही तो सांगावयास विसरत नाही. अर्धे खरे हाताशी असले म्हणजे खोटे बोलणे सोपे जाते. परंतु देवाचे भय त्या परक्या राजाच्याच ठायी निघाले! म्हणजे तोंडाने खोटे बोलण्यापूर्वी अब्राहामाने मनात त्या गावाचा निवाडा केला होता, आणि तो निवाडाच खोटा होता.

मात्र असा निवाडा नेहमी चुकतो असे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे लुटली व खते जाळली; तो दंगा अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. कुळास वाचता येत नसे, म्हणून खतात काय आहे ते सावकार सांगेल तेच खरे. मग कुळही कचेरीत घेतलेले कर्ज नाकारी. १८७९ च्या कायद्याने ठरविले की, खत सरकारी नोंदणीदारासमोर लिहिले जावे, कुळास पावती व हिशेब मिळावा, आणि न्यायाधीशाने खतामागील मूळ व्यवहार तपासावा. कायद्याने कोणाचे अंतःकरण पालटत नाही, परंतु खरे बोलणाऱ्याचा तोटा त्याने काहीसा कमी केला.

उपदेशक बंधूंनो, आता आपल्या मंडळीकडे पाहू. वेचणीच्या दिवसांत एखादी विधवा रविवारी उपासनेस येत नाही, आणि विचारले असता “ताप होता” असे सांगते. असत्य हे पाप आहे आणि त्याचा जाब तिला द्यावाच लागेल. परंतु मजुरीस गेले होते, हे शेजारणीस ती सरळ सांगते. मग आपणांसच तापाचे निमित्त का? शेजारीण तिला चारचौघांत उभी करीत नाही. आणि वीस माणसे हजर असता वरिष्ठांकडे तीस लिहून पाठविणारा उपदेशक, त्याचाही निवाडा ह्याच जातीचा नव्हे काय?

बाईने पुढील रविवारी खरे सांगितले, तर आपण काय करणार? वेचणी थांबणार नाही, आणि तिची चूलही थांबणार नाही. उपासना दिवे लागल्यावर ठेवता येईल. त्या वेळी ती शेतातून परत आलेली असते.