आधी थांबणं, मग चालणं

माझ्या जावयाचा मुद्दा सरळ आहे. तो अंधेरीला एका कंपनीत हिशेब बघतो. म्हणतो, "पप्पा, चालून जेवढे पैसे गोळा होणार तेवढे मी आत्ता मोबाइलवरून टाकतो. तुम्ही घरी बसा. गुडघे वाचतील आणि तांदूळ तेवढाच पोचेल." त्याचं गणित चुकीचं नाही. ताटातल्या भाताला तो कुणी चालून आणला की बसून, याच्याशी काही देणंघेणं नसतं. मग चालायचं कशाला? हा प्रश्न धर्माचा आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वसईतल्या आमच्या नंदाखालच्या बाजूची आम्ही काही माणसं राखेचा बुधवार उलटला की एका शनिवारी पहाटे निघतो. विरार, चंदनसार, कणेर करत शिरसाड फाट्याला महामार्ग ओलांडायचा, पुढे मांडवी, चांदीप आणि पारोळवरून उसगावच्या बाजूला. निघायच्या आधी ओळखीपाळखीच्या लोकांकडून शब्द घेतलेला असतो: किलोमीटरमागे दहा रुपये, वीस रुपये, एखादा पन्नास. जमलेल्या पैशांतून तांदूळ, तूरडाळ, तेल, गूळ, शेंगदाणे घेऊन तिकडच्या पाड्यांवर वाटायचे. माझी सगळी नोकरी पश्चिम रेल्वेच्या बुकिंग खिडकीत गेली. किलोमीटरचे रुपये करणं हेच माझं काम होतं. त्यामुळे हा व्यवहार मला ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा आहे म्हणूनच मी त्याच्याकडे जरा संशयाने बघतो.

ही रीत आपल्याकडची नाही. अमेरिकेत नॉर्थ डाकोटामधल्या बिस्मार्क गावी ऑक्टोबर १९६९ मध्ये हजारेक माणसं भुकेल्यांसाठी पैसे जमवायला चालली, आणि तिथून ही प्रथा चर्चेसमधून गावोगाव पसरली. त्यांचा एक नियम मला आवडतो. जमलेल्या पैशांतला चौथा हिस्सा आपल्याच गावातल्या भुकेसाठी ठेवायचा. भूक म्हटली की दूरचा देश आठवतो. शेजारच्या गल्लीतली भूक दिसायला नियम करावा लागतो.

आपल्याकडे पायी जाण्याचा अर्थ वेगळा आहे. विरारहून शिर्डीला पालख्या जातात. जीवदानीच्या पायऱ्या माणसं अनवाणी चढतात. आमच्यातले कित्येक जण रमेदीमातेला पायी जाऊन मेणबत्ती लावतात. बहुतेक वेळा यामागे नवस असतो: देवाने इतकं द्यावं, मी इतकं चालेन. आमच्या किलोमीटरच्या दराला हाच वास येतो. माझे पाय दुखले की तुझे पैसे सुटणार, आणि माझ्या घामाची नोंद वर कुठेतरी होणार. मला हे पटत नाही. देव खिडकीत बसून अंतर बघून तिकीट फाडत नाही. यशया संदेष्ट्याने तर उपवासाचीच झडती घेतली आहे. अंगावर राख फासून मान खाली घालणं राहू दे, आपली भाकर भुकेल्याला वाटून दे, असा त्याचा रोख आहे. उपवासाला जे लागू तेच चालण्यालाही लागू.

दुसरं उत्तर जास्त गोड आहे: गरीब माणूस पाण्यासाठी, रेशनसाठी, कामासाठी मैलोन्मैल चालतो, म्हणून आपणही त्याच्यासाठी चालायचं. ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या डोक्यावर टोपी असते, खिशात ओआरएसची पुडी, मागे सामानाचा टेम्पो. चक्कर आली तर मी त्यात बसू शकतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत आले, त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. सुमारे १८० किलोमीटर. वनजमिनीच्या हक्कासाठी चालले आणि शेवटची रात्रही चालले, कारण सकाळी दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, आमच्याच महामार्गावरून माणसं पोरं खांद्यावर घेऊन गावाकडे निघाली होती. त्यांना कुणी किलोमीटरमागे शब्द दिला नव्हता. त्या चालण्याशेजारी आमचं चालणं ठेवलं तर ते सहलीसारखं दिसतं, आणि तसं दिसलं तर रागवायचं कारण नाही.

मग राहतं काय? मला वाटतं, उत्तर भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आहे, पण आपण तो घाईत वाचतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावर एक माणूस लुटारूंच्या हातून अर्धमेला होऊन पडलेला आहे. याजक येतो, बघतो, पलीकडच्या कडेने जातो. लेवीही तसाच. तिसरा शोमरोनी. तिघांचा रस्ता एकच, अंतर एकच. प्रवास करणं ही जर पुण्याची गोष्ट असती तर याजकाचं पुण्यही तेवढंच भरलं असतं. फरक पडतो तो एका माणसाच्या थांबण्याने.

त्याहून बारीक गोष्ट पुढे आहे. शोमरोन्याकडे जनावर होतं. जखमा बांधून त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं. म्हणजे तिथून उतारशाळेपर्यंत तो स्वतः पायी गेला असणार. शुभवर्तमानात हे स्पष्ट लिहिलेलं नाही, पण दुसरं काय होणार? तो चालायचं ठरवून घरातून निघाला नव्हता. आपली बसायची जागा दुसऱ्याला दिली म्हणून त्याला चालावं लागलं. आम्ही नेमकं उलट करतो. आधी चालतो, आणि चालून झाल्यावर द्यायचं बघतो.

प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी आम्ही क्रुसाची वाट करतो. चौदा स्थानं. लहानपणी मला ती फार लांब वाटायची, कारण सारखं थांबावं लागायचं, गुडघे टेकायचे, उठायचं. आता कळतं की ती भक्तीच थांबण्याची आहे. चालणं दोन स्थानांच्या मधलं. एका स्थानावर कुरेनेचा शिमोन आहे. शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला धरून क्रूस उचलायला लावला. स्वखुशीने नव्हे, बळजबरीने. तरी त्याचं नाव राहिलं.

आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया हाही एका लांब चालण्यातूनच गेला. १५९७ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, त्याला आणि त्याच्या सोबत्यांना क्योटोहून नागासाकीपर्यंत, सुमारे ८०० किलोमीटर, गावोगाव दाखवत नेलं आणि ५ फेब्रुवारीला क्रुसावर मारलं. निघताना ती माणसं चोवीस होती. मारली गेली सव्वीस. वाटेत कैद्यांची देखभाल करायला दोघं सोबत चालत होते, मदत करता करता त्यांनाही पकडून त्याच रांगेत घातलं. गासच्या देवळात गोन्सालोच्या सणाला गेलो की मला त्याच्यापेक्षा त्या दोघांचीच आठवण जास्त येते. त्यांनीही आधी दुसऱ्याकडे बघितलं आणि मगच त्यांचं चालणं सुरू झालं.

आता आमच्या रस्त्याविषयी. मांडवी सोडली की दोन्ही बाजूंना वीटभट्ट्या लागतात. आमच्या यादीत पाड्यांची नावं असतात, भट्ट्यांची नसतात. एकदा ऊन चढल्यावर पाणी मागायला आम्ही एका भट्टीवर वळलो. एका बाईने कळशीतून पाणी दिलं आणि विचारलं, चाललात कुठं? सांगितलं. तिने टेम्पोकडे बोट केलं: गाडी आहे, मग चालता कशाला? अंधेरीच्या हिशेबनीसाचा आणि भट्टीवरच्या बाईचा प्रश्न एकच निघाला, याची मला गंमत वाटली. गरीब माणसाला आपलं चालणं आपोआप कळेल, असं समजायचं कारण नाही.

ती मोखाड्याकडची. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं तेव्हा गणपतीच्या सुमारास मुकादमाकडून खावटी उचललेली, दिवाळी झाली की नवरा-बायको, पोरं सगळे भट्टीवर, पावसापर्यंत विटा पाडून ती फेडायची. आज खायला आहे का, असं विचारलं तर हो म्हणाली. भात होता, सुक्या बोंबलाची चटणी होती. भूक आत्ता नव्हती. भूक पाच-सहा महिन्यांपूर्वी होऊन गेली होती आणि आता तिचं देणं चुकतं होत होतं.

त्या दिवशी संध्याकाळी पाड्यावर पोचलो तर निम्म्या झोपड्यांना बाहेरून काटक्या लावलेल्या. म्हातारी माणसं तेवढी घरी. पिशव्या वाटल्या, त्यांनी हात जोडले, आमच्यातल्या कुणीतरी फोटो काढला. माझ्या डोक्यात मात्र भट्टीवरचा हिशेब चालू होता. आमचा प्रायश्चित्तकाळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्ये येतो. या डोंगरातली भूक येते आषाढ-श्रावणात, लावणी झाल्यावर. कणगी रिकामी, मजुरी बंद, नवं पीक शेतात हिरवं. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या खोचची बातमी आली, तीही पावसाळ्यातली. १ ऑगस्ट २०१४ ला आमचा पालघर जिल्हा वेगळा झाला, गरोदर बायांना रोज एक पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आली, अन्नसुरक्षेचा कायदा त्याच्याही आधीपासून आहे. म्हणजे धान्य देशात आहे, कायद्यात आहे. ते नेमक्या महिन्यात, नेमक्या घरात नसतं. आणि आमच्या नळाला येणारं सूर्या नदीचं पाणी मात्र त्याच डोंगराळ भागातून बाराही महिने येतं.

चालण्यापेक्षा थांबणं मोठं, हे भूदानासाठी फिरणारे विनोबा जाणत होते असं मला वाटतं. आमच्या लोकांना त्यांचं 'ख्रिस्तधर्म-सार' माहीत असतं, पण मला त्यांचा दिनक्रम जास्त धार्मिक वाटतो. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले, तिथपासून तेरा वर्षं ते चालले. पण रोजचा मुक्काम एका गावात. गावातल्या भूमिहीनांना गावातल्या जमीनदाराच्या समोर बसवायचं आणि मागायचं. ते चालले नसते तरी जमीन मिळाली असती का, हा प्रश्नच फजूल आहे. ते थांबले नसते तर मिळाली नसती. मिळालेल्यातली बरीच जमीन पडीक आणि वादातली निघाली हेही खरं, कारण मुक्काम एका रात्रीचा होता.

म्हणून जावयाला मी असं सांगितलं की पैसे दे, आनंदाने दे. शोमरोन्यानेही पैसेच दिले: उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देतो असा शब्द. पण त्यात 'परत येताना' आहे. मोबाइलवरून पाठवलेल्या रकमेला परत यायचं नसतं. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केलेल्या संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची जुनी शिस्त हीच आहे: मदत पाठवायची नाही, जोडीने गरिबाच्या घरी जायचं, बसायचं, पुन्हा जायचं. बसल्याशिवाय खावटीची गोष्ट कळत नाही. आमचं चालणं त्या भट्टीवर वळलं, एवढीच त्याची कमाई. पायी होतो म्हणून तहान लागली आणि तहान लागली म्हणून थांबलो. टेम्पोत असतो तर बाटली होतीच.

आता आमच्यात वाद चालू आहे. माझं म्हणणं, चालणं पंधरा ऑगस्टच्या सुमारास न्यावं. त्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. मिस्साला जे शुभवर्तमान वाचतात त्यात मरिया उठून लगबगीने डोंगराळ मुलखात एलिझाबेथकडे जाते, तिथे भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाचं स्तोत्र गाते, आणि सुमारे तीन महिने राहते. लोक स्तोत्र लक्षात ठेवतात, तीन महिने विसरतात. साधारण तेवढाच डोंगरातल्या टंचाईचा काळ. तेव्हा शब्द किलोमीटरमागे न घेता महिन्यामागे घ्यावा, आणि तीन महिने दर पंधरवड्याला आपल्यातल्या दोघांनी त्याच घरांत जावं.

याला विरोध आहे, आणि तो सगळाच फालतू नाही. प्रायश्चित्तकाळ सोडून चालायचं तर ते प्रायश्चित्त कसलं, असं एक जण विचारतो. दुसऱ्याची वाडी पावसात पाण्याखाली जाते, त्याला केळी सोडून निघता येत नाही. बायका म्हणतात, पावसात म्हातारे घसरून पडतील, मग त्यांनाच उचलून आणावं लागेल. तरुण पोरांना पाऊस चालतो, पण पंधरवड्याला जाणं जमणार नाही म्हणतात. शनिवारी सुट्टी नसते. फादरांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि आधी मोखाड्याकडे कुठल्या पाड्यापर्यंत पावसात गाडी जाते ते बघून या म्हणाले. त्या चौकशीला मी आणि वाडीवाला मिळून पुढच्या आठवड्यात एसटीने जाणार आहोत.