धानाची बांधी आणि कादंबरी

परवा शाळा सुटल्यावर कुरखेड्याकडचा एक तरुण हस्तलिखित घेऊन माझ्याकडे आला. कादंबरी बरी आहे. तिच्यातली झाडीबोली तर फारच गोड उतरली आहे. पण त्याला अभिप्राय नको होता. प्रकाशकाने छपाईचा खर्च मागितला होता. त्यासाठी आईच्या नावची धानाची एक बांधी विकावी काय, एवढेच त्याला विचारायचे होते.

मी त्याला आतल्या खोलीत नेले. माझ्या पहिल्या कादंबरीचे गठ्ठे तिथे खाटेखाली पडून आहेत. पैसे माझे होते, आणि घाईने सही केलेल्या कागदावर हक्क मात्र प्रकाशकाचे. खालच्या गठ्ठ्याला उधई लागली आहे.

"पण गुरुजी, ती छापली म्हणून तर मी तुमच्याकडे आलो."

मी निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. छापून झालेल्याने दुसऱ्याला 'थांब' म्हणणे फार सोपे असते. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, हे आपण कौतुकाने सांगतो. बाई १९५१ सालीच गेल्या होत्या. मग धीर धर, असे कोणत्या तोंडाने म्हणू?

धीर नको, पण हिशेब हवा. आमच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. त्याच्या कागदावर कुणाकुणाची पुस्तके निघाली असतील! धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ साल उजाडले. मधली दोन वर्षे हक्क गावाचा होता, पण बांबू विकता येत नव्हता. लेखकाचे उलटे आहे. १९५७ च्या कायद्याने लिहिताक्षणीच हक्क त्याचा होतो, नोंदणीची सक्ती नाही. घालवतो तो आपल्याच सहीने. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर दिलेला हक्क पाच वर्षांपुरताच धरतात. माझ्या कागदावर मुदत होती: 'कायमची'.

प्रती किती छापणार, विकणार कुठे, हक्क किती वर्षांचा, हे तीन प्रश्न त्याने वहीच्या मागे लिहून घेतले. पण बांधीचा प्रश्न कायद्यातला नव्हता. स्वतःच्या पगारातून माणसाने खुशाल हौस करावी, मीही केली. दुसऱ्याच्या भातावर ती करता येते काय?

"आईला विचारलेस?" मी म्हटले.

"रोज रात्री वाचून दाखवतो ना तिला. हसते, कधी रडते."

बांधीचे त्याने अजून विचारलेले नव्हते.