धर्मकाटा

पाटनहून जबलपूरकडे निघालं की रस्त्याच्या कडेला धर्मकाटा लागतो. महाराष्ट्रातले नातेवाईक आले की या शब्दाला हसतात. त्यांच्याकडे तो नुसता वजनकाटा. थंडीत मटारने भरलेल्या गाड्या त्याच्यापुढे रांग लावून उभ्या असतात. विकणाऱ्याचा घेणाऱ्यावर विश्वास नसतो, घेणाऱ्याचा विकणाऱ्यावर नसतो, म्हणून दोघंही काट्याचं ऐकतात. बत्तीस वर्षं मी इथल्या शाळेत गणित शिकवलं आणि तेवढी वर्षं या फलकावरून गेलो, पण त्यातल्या 'धर्म' या शब्दाकडे कधी लक्ष गेलं नाही. ते गेलं दोन वर्षांपूर्वी, डॉक्टरांना एक आकडा खोटा सांगून बसने घरी परतत असताना.

आजार सोरायटिक आर्थ्रायटिसचा. कोपरांवर आणि कपाळाच्या वर केसांच्या कडेला खवले होतेच, कित्येक वर्षांपासून. बसमध्ये शेजारचा माणूस जरा सरकून बसतो, याचीही सवय झाली होती. मग नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसू लागले आणि एका पावसाळ्यात उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत एकसारखं फुगलं. खडू धरता येईना. निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं.

या आजाराचा जोर मोजणं अवघड आहे. ताप थर्मामीटरने कळतो, साखर रक्तातून कळते. इथे रक्तातला सीआरपी, म्हणजे सुजेचा निर्देशक, बऱ्याच रुग्णांमध्ये सांधे सुजलेले असतानाही नॉर्मल येतो. म्हणून डॉक्टर मंडळींनी बेरजेचा रस्ता काढला. माझ्या डॉक्टर वापरतात त्या मापाचं नाव डाप्सा. अडुसष्ट सांधे अंगठ्याने दाबून किती दुखतात ते मोजायचं. सहासष्ट सांध्यांची सूज पाहायची. खुब्याचे दोन सांधे खोल असतात, त्यांची सूज बाहेरून कळत नाही, म्हणून दोन कमी. त्यात रुग्णाने शून्य ते दहामध्ये सांगितलेली वेदना मिळवायची, एकंदर आजार कितपत वाटतो याचे आणखी शून्य ते दहा मिळवायचे आणि शेवटी सीआरपी. बेरीज चारपर्यंत आली तर आजार शमलेला, चौदापर्यंत मंद, अठ्ठावीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्यातला मास्तर दुखावला. विजातीय पदांची बेरीज होत नाही हे मी हजारो मुलांकडून घोकून घेतलं आहे. आणि इथे एक सुजलेला सांधा, वेदनेचा एक गुण आणि रक्तातला एक मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर सीआरपी, तिघांनाही एकच किंमत! डॉक्टर हसल्या. "माट्साब, जोड़ तो गलत है, पर काम का है." त्यांचं म्हणणं मला पुढे पटत गेलं. पाच साक्षीदार बोलवायचे, प्रत्येकाचं थोडंथोडं ऐकायचं, एकट्यावर विसंबायचं नाही. तरीही ही बेरीज आंधळी आहेच. टाचेचा स्नायुबंध जिथे हाडाला जोडलेला असतो तिथे याच आजारात भयंकर दुखतं, ते डाप्सात कुठेच येत नाही. खवल्यांनाही त्यात जागा नाही.

त्या दिवशी माझे चार सांधे दाबल्यावर दुखले, तीन सुजलेले होते. सीआरपी ०.८. मग प्रश्न आला, "शून्य से दस में दर्द कितना?" मागच्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या की आठवड्याच्या मेथोट्रेक्झेटने भागलं नाही, तर इंजेक्शनचा विचार करू. इंजेक्शनची किंमत मी विचारून ठेवली होती. मुलाने नुकतंच घरासाठी कर्ज काढलं होतं. मी म्हणालो, "तीन." एकंदर आजार? तोही तीन. बेरीज आली १३.८. मंद. खरं सांगितलं असतं तर दोन्हीकडे सात होते, म्हणजे २१.८. मध्यम. डॉक्टरांनी तेच औषध पुढे चालू ठेवलं आणि मी हिशेबात पास झालो.

पैसा हे कारण खरं, पण पुरतं खरं नाही. आमच्या घरात दुखणं सांगण्याची रीत नव्हती. मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती त्या काळात आजोबा कारकून म्हणून जबलपूरला आले आणि १९५६ साली प्रांत फुटल्यावरही इकडेच राहिले. ते दाढ उपटून आल्यावर जेवायला बसले होते, ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जाई. शिवाय भाषेचा एक घोळ आहे. घरी माझं बोट ठणकतं, मनगटातून कळ जाते, सकाळी हात आखडतो, गुडघ्यात चमक भरते, रात्री पाय रगरगतात. दवाखान्यात या सगळ्याचं एकच 'दर्द' होतं, आणि दर्दचा एक आकडा. इतकं गाळून उरलेल्या आकड्यात आणखी थोडं गाळलं तर काय बिघडलं, असंही मनात आलं असेल.

बसमध्ये मी स्वतःशी वाद घातला. माझी वेदना माझी. ती दुसऱ्याला दिसत नाही, तपासता येत नाही. जे तपासता येत नाही त्याला खोटं कोण म्हणणार? विट्गेनस्टाइनने प्रत्येकाजवळ एकेक डबी असल्याची कल्पना केली होती. आत काय आहे त्याला सगळेच किडा म्हणतात, पण दुसऱ्याच्या डबीत कुणालाच डोकावता येत नाही. हे उदाहरण मला त्या दिवशी फार सोयीचं वाटलं. (त्याला त्यातून नेमकं उलटं सुचवायचं होतं हे नंतर वाचलं. वेदनेचा शब्द डबीत एकट्याने बनत नाही, चारचौघांच्या वापरात बनतो.) पण पहाटे तीनला मी उठून बसतो, तेव्हा स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सात येतं, हे मला माहीत होतं. म्हणजे साक्षीदार होता. आणि तो आकडा आता माझ्या डबीतही राहिला नव्हता. डॉक्टरांचा अंगठा, प्रयोगशाळेतली नळी आणि माझा शब्द एकाच कागदावर एकाखाली एक लिहिले होते. पहिल्या दोघांनी आपलं काम चोख केलं होतं. काट्यावर चढण्याआधी मी अर्धा माल उतरवून ठेवला होता.

तो माल गेला कुठे? घरी. सदऱ्याची बटणं बायको लावायची, कुकरचं झाकण, बादली, कुलूप, सगळं तिच्याकडे गेलं. काय करता येतं आणि काय नाही, याची एक प्रश्नावली असते. १९८० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला तयार झाली. २००२ साली तिचं भारतीय रूप तपासून प्रसिद्ध झालं, त्यात मांडी घालून बसणं, रिक्षात चढणं-उतरणं, भाजीबाजार करणं असे आपल्याकडचे प्रश्न घातले. ती भरताना मी 'कपडे घालणे' यापुढे 'काही अडचण नाही' अशी खूण करत होतो. शेजारून आवाज आला, "अहो, बटणं मी लावते." मी म्हणालो, तुला नाही विचारलेलं. ते खरंच होतं. मला माहीत असलेल्या कुठल्याच मापात घरच्या माणसाला विचारत नाहीत. रात्री कोण किती वेळा उठलं हे ज्याला माहीत असतं, त्याला कागदावर रकाना नाही.

आठ महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत त्या मधल्या बोटाच्या हाडाची कड झिजलेली दिसली. माझ्या तीनमुळेच ती झिजली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. खरा आकडा सांगितला असता तरी कदाचित झिजली असती. या 'कदाचित'चा आधार घेता येतो. मी तो बरेच दिवस घेतला.

डॉक्टरांना शेवटी सगळं सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या की उलटंही होतं. सूज नसते, पण झोप नसते, मन खचलेलं असतं, सगळं अंग दुखत असतं, आणि माणूस प्रामाणिकपणे नऊ म्हणतो. त्या नऊच्या मागे लागून सुजेची औषधं वाढवली तर अपाय होतो. ब्रिटनमध्ये २०६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली छापून आला. दर चार आठवड्यांनी मोजून, ठरलेलं लक्ष्य गाठेपर्यंत औषध वाढवत नेल्यावर सांधे आणि त्वचा जास्त सुधारली, पण औषधांचे त्रासही त्याच गटात जास्त निघाले. ते लक्ष्य सात अटींचं आहे आणि त्यातल्या पाच पुऱ्या झाल्या की गाठलं असं धरतात. वेदना आणि एकंदर आजार हे रुग्णाचे दोन आकडे नेमके उरलेल्या दोनांत पडले, तर 'खूप दुखतंय' म्हणणारा माणूसही लक्ष्य गाठलेला ठरतो. म्हणजे रुग्णाचा शब्द मोजायचा हेही ठरलेलं आहे, आणि वेळ आली तर तो बाजूला ठेवायचा हेही. यावर मी पुष्कळ विचार केला, पण अजून मला यात कुणाचा दोष दाखवता येत नाही.

इंजेक्शन मागच्या वर्षी सुरू झालं. मुलाला सांगावं लागलं. तो चिडला, पैशांवरून नव्हे.

परवा पुन्हा तपासणी होती. दुखरे सांधे दोन, सूज एकाच सांध्याला. दर्द? क्षणभर थांबलो. त्या रात्री बरी झोप लागली होती, आणि एका चांगल्या रात्रीचा आकडा आठवडाभराच्या नावावर लिहायचा का हेच कळेना. "चार," मी म्हणालो. डॉक्टरांनी लिहिलं, मग माझ्या शेजारी पाहून विचारलं, "भाभीजी, रात को?"

"दो बार उठे परसों. कल नहीं."

त्यांनी ते बेरजेच्या बाहेर, कागदाच्या डाव्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं.