ज्यूरी गेली, समजावण्याचं काम उरलं

सोनपेठ तालुक्यात खून झाला तर खटला सत्र न्यायालयात चालतो आणि आरोप सिद्ध झाला की नाही, हे एकटे न्यायाधीश ठरवतात. हॉटेलात, आठवडी बाजारात मात्र लोक आधीच निकाल लावून मोकळे झालेले असतात. लोकांनी मत बनवू नये, असं माझं म्हणणं नाही. पण निकाल देणाऱ्याला आधी कायदा नीट समजावा लागतो आणि तो समजावणारा चुकला तर काय होतं, हे नानावटी खटल्यात दिसलं.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली त्याच दिवशी दिली होती. नानावटींनी बायकामुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजांचं घर गाठलं. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या, हा बचाव. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं.

‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने केलेल्या प्रचाराला ज्यूरी भुलली, असं आजही सर्रास सांगतात. मला ही अर्धीच गोष्ट वाटते. सत्र न्यायाधीशांना निकाल पटला नाही म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे दोष निघाला तो त्यांनी स्वतः ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनात. अपघाताचा बचाव घेतला तर तो शाबित करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, हे त्यांनी ज्यूरीला नीट सांगितलंच नव्हतं. गोळीबारानंतर नानावटी इमारतीच्या रखवालदाराशी जे बोलले, त्याचं वजनही समजावलं नव्हतं. उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. कबुली आणि गोळीबार यांत जवळपास तीन तास गेले होते, मग तो ‘अचानक’ संताप कसा, हा त्या निकालातला कळीचा मुद्दा.

या खटल्याने ज्यूरी संपवली, हाही समज अपुराच. विधी आयोगाने १९५८ मध्येच ती बंद करण्याची शिफारस केली होती.

चुकीचं मार्गदर्शन उलट्या बाजूनेही जाऊ शकतं. १८९७ च्या टिळक खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच ‘अप्रीती’, असा राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ ज्यूरीला सांगितला. सहा युरोपीय सदस्यांनी दोषी म्हटलं, तीन भारतीयांनी निर्दोष. लोकमान्यांना अठरा महिने सक्तमजुरी झाली.

अमेरिकेत ज्यूरी आजही आहे. तिथे तिला काय सांगायचं, यावर शब्दाशब्दाचा वाद होतो. अमली पदार्थांच्या १९९९ च्या रिचर्डसन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की आरोपीने ‘गुन्ह्यांची मालिका’ केली, एवढ्यावर एकमत पुरत नाही. मालिकेतला प्रत्येक गुन्हा कोणता, यावरही सगळ्यांचं एकमत हवं. ही काटेकोर पद्धत मला मोलाची वाटते.

आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आता न्यायाधीशांनी स्वतःलाच समजवायचं आणि ते निकालपत्रात लिहायचं: मुद्दे कोणते, निर्णय काय, कारणं काय. ज्यूरीला केलेलं मार्गदर्शन भर कोर्टात सर्वांसमोर बोललं जाई. निकालपत्र मात्र पूर्ण वाचून दाखवलंच जाईल, असं नाही. शिक्षा झालेल्या आरोपीला त्याची प्रत लगेच मोफत मिळते आणि मागितल्यास, शक्य असेल तर, त्याच्या भाषेतही. ते योग्यच आहे. पण मृताच्या घरच्यांना एरवी अर्ज करून, पैसे भरून ती मिळवावी लागते. आरोपी सुटला तर २००९ पासून त्यांना अपिलाचा हक्क आहे. पण कारणंच वाचता आली नाहीत, तर अपील करायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं कशावरून?

मराठी ही महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा आहे. तेव्हा खुनाच्या प्रत्येक खटल्याचं निकालपत्र मराठीत, मोफत आणि निकालाच्याच दिवशी मृताच्या वारसांच्या हाती द्यावं. शासनाने आणि उच्च न्यायालयाने एवढं करावंच.