पहारा आणि पकड

सागरी नाकेबंदीचा विषय निघाला की हल्ली एक युक्तिवाद हमखास पुढे येतो : पकडलेल्या जहाजातला वाटा पकडणाऱ्याला द्या, मग काम आपोआप चोख होईल. अमेरिकी काँग्रेसमध्ये २०२२ साली रशियन धनाढ्यांच्या नौकांसाठी आणि २०२५ साली अमली पदार्थांच्या टोळ्यांसाठी खासगी लोकांना पकडीचे परवाने देण्याची विधेयके मांडली गेली, त्यामागे हाच विश्वास होता. तो मला उथळ वाटतो, आणि धोक्याचाही.

पकडीतला वाटा देण्याची जुनी पद्धत, म्हणजे प्राइझ मनी, ही निव्वळ चाचेगिरी होती, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पकडलेले जहाज न्यायालयात वैध ठरल्याशिवाय कोणालाही त्यावर हक्क मिळत नसे, एवढेही ते लक्षात घेत नाहीत. शौर्यकथांत रमणाऱ्यांना तर विचारायचे काही उरतच नाही. खोडून काढायला हवे ते अर्थशास्त्राच्या भाषेत बोलणारे मत. ब्रिटिश राजसत्तेने १७०८च्या कायद्याने पकडीतला आपला वाटा नौदलाला सोडला, त्या लाभाने कप्तान धाडसी झाले आणि त्या धाडसाने ब्रिटनने समुद्र जिंकला, असे हे मत सांगते.

आधी वाटणी पाहू. १८०८ पर्यंत अॅडमिरलच्या हिश्शासह कप्तानाकडे तीन अष्टमांश जात आणि साऱ्या साध्या खलाशांना मिळून दोन अष्टमांश. १७६२ साली 'हर्मिओनी' हे स्पॅनिश जहाज सापडले, तेव्हा ते पकडणाऱ्या दोन्ही कप्तानांना प्रत्येकी सुमारे ६५,००० पौंड मिळाले, खलाशाला ४८०च्या आसपास. खलाशाच्या दृष्टीने तीही कित्येक वर्षांची कमाई होती, हे खरे. पण अशी जहाजे पिढीत एखाद्या वेळी सापडत. अशा घबाडाच्या आशेने माणसे जहाजांवर येत असती, तर बंदराबंदरांतून दर्यावर्दींना जबरदस्तीने धरून नेण्याची वेळ त्या आरमारावर का आली असती?

याहून मोठा आक्षेप ब्रेस्टचा. १८०३ पासून ब्रिटिश अॅडमिरल कॉर्नवॉलिसचा ताफा वादळी पाण्यात त्या फ्रेंच बंदरासमोर तळ देऊन राहिला. १८०५ साली आत फ्रेंच अॅडमिरल गाँतोमची वीसहून अधिक मोठी लढाऊ जहाजे अडकली होती आणि ती बाहेर पडू शकली नाहीत. नेपोलियनची इंग्लंडवरची स्वारी फसली, त्यात या पहाऱ्याचा वाटा ट्रफाल्गरइतकाच मोठा आहे, असे मी म्हणेन. यातून त्या खलाशांच्या हाती काय पडले? जवळजवळ काहीच नाही. जे जहाज बाहेर येतच नाही, ते पकडणार कसे? श्रीमंत झाले ते खुल्या समुद्रावर व्यापारी जहाजे हेरणाऱ्या फ्रिगेटींचे कप्तान. युद्धाचे सर्वांत निर्णायक काम या लाभाविना झाले, याचे उत्तर लाभवाद्यांनी द्यायला हवे.

उलटी बाजू अमेरिकी यादवी युद्धात दिसते. दक्षिणेच्या विल्मिंग्टन बंदरासमोरच्या उत्तरेच्या पथकाचा प्रमुख सॅम्युएल फिलिप्स ली प्राइझ मनीने श्रीमंत झाला. तो कामचुकार नव्हता. पण जहाजे पकडली जात होती, वाटे मिळत होते, आणि बंदर उघडेच होते. ते खरोखर बंद झाले १८६५च्या जानेवारीत, त्याची राखण करणारा फोर्ट फिशर पडल्यावर.

आपल्या किनाऱ्याचा अनुभवही विसरू नये. १७५६ साली तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर पेशवे आणि इंग्रज मिळून गेले. इंग्रजांच्या बाजूच्या वॉटसन, क्लाइव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र मुंबईहून निघण्याआधीच लुटीची वाटणी आपापसांत ठरवून टाकली होती. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला, तशी इंग्रजांना किल्ला घेण्याची घाई झाली आणि आतली सुमारे दहा लाख रुपयांची लूट त्यांनीच वाटून घेतली. वाटा आधी ठरला की मित्रही आड येऊ लागतो.

या साऱ्याच्या मुळाशी पहारा आणि पकड यांतला फरक आहे. पकडीत काहीतरी घडते, त्याची मोजदाद होते आणि लिलाव होतो. पहाऱ्याचे यश काही न घडण्यात असते, आणि न घडलेल्या गोष्टीचा वाटा कोणत्याच न्यायालयाला ठरवता येत नाही. पकडलेल्या चोरामागे पैसे मिळवणाऱ्या राखणदाराला कुंपणातली फट बुजवण्याची घाई नसते. शत्रूच्या व्यापारी जहाजांची शिकारच करायची असेल, तर वाटा उपयोगी पडतो, हे मी मान्य करतो. पण शिकारीला नाकेबंदी म्हणू नये. १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्याने खासगी युद्धजहाजे रद्द केली आणि त्याच मजकुरात नाकेबंदी बंधनकारक ठरण्यासाठी ती परिणामकारक असावी, म्हणजे किनाऱ्याकडची वाट खरोखर अडवली जावी, अशी अट घातली. कायद्याचे मापही पहाऱ्याचेच आहे.

ब्रिटनलाही अखेर हे कळले. १९१४ साली जर्मनीची कोंडी सुरू होताच ज्या जहाजाने पकडले त्यालाच वाटा देण्याची पद्धत थांबवण्यात आली आणि पकडीचे पैसे साऱ्या ताफ्यासाठी समाईक निधीत जाऊ लागले. स्कापा फ्लोच्या नौदल तळावर सज्ज राहणारा खलाशी आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला जहाजे अडवणारा खलाशी एकाच कामाचे दोन भाग आहेत, हे त्यातून मान्य झाले. अमेरिकेने तर १८९९ सालीच प्राइझ मनी बंद केली होती. ज्यांनी ही पद्धत सर्वांत जास्त वापरली, त्यांनीच ती सोडली. आज तिचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे की त्यांना समुद्र बंद ठेवायचा आहे की जहाजे पकडायची आहेत. बंद ठेवायचा असेल, तर पहाऱ्याचा पूर्ण पगार सरकारने आपल्या तिजोरीतून द्यावा. वाट्यावर जगणाऱ्याला समुद्र थोडा उघडाच लागतो.